पथकाच्या ग्रुपवरचा फोटो

ती घटना आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे पंचनामे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका फोटोचा तपास मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. नावं-गावं सांगणार नाही. वाशिम जिल्ह्यातलं एक ठाणं आणि मी तिथला ठाणेदार, एवढं पुरे.

सकाळची हजेरी आटोपून मी बीटवाल्यांना कामं वाटत होतो, तेवढ्यात दोन बायका आत आल्या. साठीची सासू आणि बाविशीची सून. सून पदर तोंडावर ओढून भिंतीशी बसली. सगळं बोलली ती सासू. सुनेचा फोटो पाच दिवसांपासून गावात मोबाईलवर फिरत होता. पहाटे नाल्याच्या अंगाला बसलेली, शेजारी टमरेल, चेहरा स्पष्ट. नवरा पुण्याला कंपनीत. त्यालाही कोणीतरी तो पाठवला. त्याने आईला फोन करून सांगितलं की हिला माहेरी पाठवून दे, मला इथे तोंड दाखवायची सोय राहिली नाही. सासूने त्याला काय उत्तर दिलं, ते तिने मलाही ऐकवलं.

"म्या म्हटलं, बापा, फोटोत तोंड तिचं दिसून राह्यलं. तू कायले लपून राह्यला?"

मला ही बाई तिथल्या तिथे आवडली. पोलीस ठाण्यात सुनेचा हात धरून येणारी सासू मी नोकरीत फार वेळा पाहिली नाही.

महिला शिपायाने सुनेला पाणी दिलं. तिने पेल्याला हात लावला नाही. थोड्या वेळाने ती शिपाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली की साहेब, ही पाच दिवस घोटभरच पाणी पिते, बाहेर जावं लागू नये म्हणून. जेवणही नावालाच. मी फिर्याद बाजूला ठेवली आणि आधी तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि असंच चाललं तर मूत्रपिंडावर बेतेल म्हणून बजावलं. घरात संसार मोडायला आला होता आणि इकडे जीवही पणाला लागला होता.

घरी संडास नाही का, असं मी सासूला जरा दरडावूनच विचारलं. होता. भिंती होत्या, भांडं होतं, अनुदानाच्या यादीत नावही होतं. दार नव्हतं. काम पूर्ण झाल्याचा फोटो हवा म्हणून गावातली माणसं एक निळं दार ऑटोत घालून आली होती. ते चौकटीला टेकवलं, सासूला पुढे उभं करून फोटो काढला, आणि तेच दार उचलून पुढच्या घरी नेलं. भर वस्तीत उघड्या चौकटीत बसण्यापेक्षा नाला बरा, असं दोघींनी ठरवलं. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

गुन्हा दाखल करताना ठाण्याची लिखापढी करणाऱ्या आमच्या रायटर हवालदाराने शंका काढली. भारतीय दंड विधान ३५४-सी आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई लावायचं खरं, पण कायद्याला खासगीपणाची अपेक्षा असलेली जागा लागते. उघडं शेत खासगी कसं म्हणायचं? सासू ऐकत होती. तिने सांगितलं की नाल्याची ती बाजू बायांची आहे, तिच्या सासूच्या काळापासून. उजाडेपर्यंत गावातला पुरुष तिकडे फिरकत नाही, आणि पाणी धरायला जावंच लागलं तर दुरून खाकरत जातो आणि खाली मान घालून निघून जातो. मी तिचं म्हणणं शब्दशः फिर्यादीत घेतलं. पुढे सरकारी वकिलांना तेच वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे असा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, म्हणून तो माझ्याकडेच राहिला. फाट्यावरच्या एका चहावाल्याकडून मला अधूनमधून खबर मिळे. त्याने सांगितलं की फोटो पहिल्यांदा पाहिला तो मोबाईल रिचार्जच्या दुकानात. दुकानदार हसत हसत गिऱ्हाइकांना दाखवत होता. मी त्याला उचलून आणला. खरं सांगायचं तर आरोपी सापडला या खुशीत मी त्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवला आणि तोंडाला येईल ते बोललो. संध्याकाळी त्याने फोन उघडून दाखवला. फोटो त्याने चार जणांना पाठवला होता, ते तो नाकारत नव्हता. पण त्याला तो आला होता गावाच्या ग्रुपवरून, आणि ग्रुपवर टाकणारा होता ग्रामपंचायतीचा शिपाई.

फोन जप्त करून सील करण्यापूर्वी आमचा रायटर त्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याला दिसलं की फोटो खालून कापलेला आहे. कापताना हात चुकला होता आणि काठाला पांढऱ्या आकड्यांची अर्धी डोकी शिल्लक होती. तो म्हणाला, साहेब, हे अक्षांश-रेखांश आहेत, असे आकडे सरकारी फोटोवर येतात. मी म्हटलं, उगाच डोकं लढवू नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपायाला समोर घेतलं. हा माणूस पंचायतीच्या नोकरीचा तोरा मिरवणारा. आधी फोटो पाहिलाच नाही म्हणाला, मग कोणी पाठवला आठवत नाही म्हणाला. मी आवाज चढवला. तेव्हा त्याने एकदा रायटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अगदी शांतपणे बोलला.

"साहेब, मलेच काहून धरून राह्यले? थो फोटो तं तुमच्या फोनातबी हाये."

खोलीत आम्ही तिघंच होतो. रायटरने मान खाली घालून काहीतरी लिहायला घेतलं. काय लिहीत होता देव जाणे.

त्या काळात हागणदारीमुक्तीची मोहीम जोरात होती. गावोगावी गुड मॉर्निंग पथकं नेमली होती. ग्रामसेवक, शिपाई, कुठे शिक्षक, अशी माणसं भल्या पहाटे शिट्ट्या घेऊन निघायची, उघड्यावर बसलेल्यांना हटकायची आणि हातात गुलाबाचं फूल द्यायची. काम केल्याचा पुरावा म्हणून जागेवरचा फोटो पथकाच्या ग्रुपवर टाकायचा. बंदोबस्त लागला तर असावा म्हणून ठाणेदाराचा नंबरही त्या ग्रुपमध्ये होता.

मी ग्रुप उघडला आणि बोटाने मागे मागे गेलो. त्या पहाटेचे पंचवीस-तीस फोटो होते. त्यातच ती होती, खालच्या आकड्यांसकट. पाठवणारा ग्रामसेवक. आणि खाली काही वेळाने माझं उत्तर होतं, एक अंगठा. शाबास म्हणणारा.

मला तो फोटो पाहिल्याचं आठवत नव्हतं. कसं आठवणार? सकाळी चहा घेताना मी असे सगळ्याच ग्रुपांवर अंगठे टाकायचो. वरच्यांना वाटावं ठाणेदार जागा आहे, म्हणून. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त स्वतःचा राग आला. दुकानदाराला आदल्या दिवशी मी काय काय बोललो होतो, ते सगळं माझ्याच कानात वाजायला लागलं.

त्याच दिवशी मी स्टेशन डायरीला नोंद घेतली. दोन पंच बोलावून माझा फोन माझ्याच टेबलावर पंचनाम्याने जप्त करवला. उपविभागीय अधिकाऱ्यांना पत्र दिलं की मी आता या गुन्ह्यात साक्षीदार आहे, तपास दुसऱ्याकडे द्यावा. ते फोनवर म्हणाले की एवढं ताणायची गरज नाही, ग्रुपमध्ये आम्हीही आहोत. मी म्हटलं, मग साहेब, आपलाही फोन लागेल. तपास आठवडाभरात शेजारच्या ठाण्याकडे गेला.

ग्रामसेवक वाईट माणूस नव्हता. त्याने जबाबात सांगितलं की फोटो नसला तर पथक गेलं असं कोणी धरत नव्हतं. चेहरा येऊ द्यायचा की नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. शिपायाने तो खालून कापून गंमत म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकला. शिपायाला पुढे शिक्षा झाली. दुकानदारावर आरोपपत्र गेलं, ग्रामसेवकाची विभागीय चौकशी लागली. पथकांना फोटो काढायची मनाई करणारं पत्र तालुक्याला निघालं. नवरा दिवाळीला आला. दोन दिवस आईने त्याला घरात बोलू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने संडासाला दार बसवलं आणि परत जाताना बायकोला सोबत नेलं.

फोटो काढणाऱ्याला कलम आहे, पसरवणाऱ्याला कलम आहे. हल्ली कायदे आणखी कडक झाले, ते चांगलंच आहे. न पाहता मान डोलावणाऱ्याला मात्र कोणतं कलम लावायचं, ते मला अजून सापडलेलं नाही, आणि माझ्या अनुभवाने कुठल्याही प्रकरणात अशांचीच संख्या जास्त असते.

फोन जप्त झाला त्याच संध्याकाळी मी त्या दोघींच्या घरी गेलो होतो. तपास दुसऱ्याकडे जाणार होता, पण हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळावं असं मला वाटेना. ओट्यावर बसून मी जे झालं ते सांगितलं. माझ्याकडेही आला होता, मी पाहिला नव्हता, न पाहताच अंगठा दिला. सून दाराच्या आत उभी होती. तोवर मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"पाह्यला नाही," ती म्हणाली, "मंग अंगठा कायले देल्ला?"

मी उठलो, नमस्कार केला आणि निघालो. पुढे नव्या तपास अधिकाऱ्याने माझा जबाब घेतला. त्यात तो प्रश्न तिच्याच शब्दांत घ्यायला मी सांगितलं. त्याने घेतला, पेन थांबवलं, आणि उत्तरात काय लिहू, असं विचारलं.

मी म्हटलं, निरंक लिहा.