कोरा चहा

१९५७ च्या जानेवारीत एक इंग्रज बाई वर्ध्याला आल्या, आठवडाभर राहिल्या आणि त्या काळात त्यांनी दूध, दही, ताक, लोणी किंवा तूप तोंडात घेतले नाही. त्या कुठल्या संस्थेच्या पाहुण्या नव्हत्या. इंग्लंडातल्या एका शाळेत शिकवीत असत. नोकरी संपल्यावर हिंदुस्थान पाहायला निघाल्या होत्या. आग्रा आणि सांची पाहून झाले होते. वर्ध्यानंतर अजिंठा, मग मुंबई आणि बोट.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाला वर्ध्याहून बातम्या पाठवीत असे. बाईंना दुभाषी हवा आहे, बरोबर राहा, बातमी झाली तर पाठव, असे संपादकांनी सांगितले. बाई डाक बंगल्यात उतरल्या होत्या. पहिल्या सकाळी गेलो तेव्हा त्या व्हरांड्यात एकट्या बसून संत्रे सोलत होत्या आणि आत खानसामा बाहेर ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलत होता. आमलेट परत आले होते. कस्टर्ड परत आले होते. चहाबरोबरचे दूधही तसेच परत आले होते. जेवायला आलेले साहेब पुष्कळ पाहिले, उपाशी राहायला आलेली मडम पहिलीच, असे त्याचे म्हणणे होते.

बाईंनी आपल्या आहाराला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगितले. तो शब्द मी ऐकला नव्हता. स्पेलिंग विचारून घेतले. मांस, मासे, अंडी नाहीत, इथपर्यंत मराठी शब्द होता. दूधही नाही म्हटल्यावर तो संपत होता. शाकाहारी म्हणावे तर ऐकणारा लगेच दुधाचा पेला पुढे करी.

लहानपणी त्या चुलत्यांच्या गोठ्याजवळ राहत. वासरे विकून टाकली की गायी रात्रभर हंबरत. मोठेपणी कधीतरी दूध सोडले, ते सोडलेच. त्यांच्या गावात असे खाणारे दुसरे कोणी नव्हते. नाताळात बहिणीच्या घरी त्यांचे ताट वेगळे वाढले जाई. बोटीवर उकडलेले बटाटे आणि कोरडा पाव. हिंदुस्थानात लाखो लोक मांसाला शिवत नाहीत असे त्यांनी वाचले होते. अशा देशात एकदा तरी चारचौघांत बसून, सगळ्यांना वाढले तेच आपणही खाऊ, काही विचारावे लागणार नाही आणि काही परत पाठवावे लागणार नाही, असे त्यांना वाटले होते. आग्र्याला ते झाले नाही. सांचीला झाले नाही. वर्ध्याचे लोक खाण्याबाबत नेमाचे आहेत असे कोणीतरी सांगितले, म्हणून त्या इथे उतरल्या होत्या.

वर्ध्यात परदेशी माणूस आला की त्याला आधी आश्रम आणि गोशाळा दाखवीत. गोशाळेचे व्यवस्थापक वयस्क, खादीतले, मृदू बोलणारे होते. त्यांनी धारोष्ण दुधाचा पेला बाईंपुढे धरला. बाईंनी नको म्हटले. इथे आधी वासराला पाजतात, मग उरलेले काढतात, असे व्यवस्थापकांनी सांगितले. बाईंनी विचारले, गोऱ्ह्यांचे काय होते. बैल होतात, शेतात जातात, असे उत्तर आले. आमच्याकडच्यापेक्षा हे खूपच बरे, असे बाई म्हणाल्या आणि पेला तरीही घेतला नाही. व्यवस्थापकांनी तो पेला बराच वेळ हातात धरून ठेवला. मग मला म्हणाले की यांना एकदा नीट समजावून सांगा. मी सांगितले होते. त्या दिवशी पंगतीत बाईंना वेगळी उकडलेली भाजी आली आणि शेवटच्या पाटावर वाढली गेली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका वकिलांकडे जेवण होते. पाहुणी शाकाहारी आहे एवढेच त्यांच्यापर्यंत पोचले होते. वरणावर तूप होते, भातावर तूप होते, पुऱ्यांच्या कणकेत तुपाचे मोहन होते, कोशिंबीर दह्यातली होती आणि मधोमध बासुंदी. बाईंनी लोणचे, केळे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वकिलांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. वकिलांच्या आई मात्र येऊन समोर बसल्या. त्यांनी मला विचारले, "काशीले जाऊन सोडलं काय?"

काशीला गेलेला माणूस तिथे एखादा आवडता पदार्थ कायमचा सोडून येतो. बाईंना ते मी सांगितले. त्या हसल्या. काशीला अजून गेलेच नाही, असे म्हणाल्या.

"मंग कोणासाठी सोडलं?"

हाही प्रश्न आमच्याकडे सरळ आहे. नवऱ्यासाठी सोडतात, मुलासाठी सोडतात. बाईंनी थोडा विचार केला आणि वासरासाठी असे उत्तर दिले.

म्हातारीने ते ऐकून घेतले. "वासराले काय ठाव?" ती म्हणाली, आणि उठून गेली.

हे उत्तर दोन दिवसांत गावभर झाले. डाक बंगल्याच्या रस्त्यावर लोक बाईंना बिनदुधाची मडम म्हणू लागले. त्यात राग नव्हता. पण जेवायला कोणी बोलावले नाही. दोन घरांनी आधी विचारले होते, त्यांचे निरोप आले की घरात पाहुणे आहेत, आता जमणार नाही. बाई व्हरांड्यात बसून भाजलेले शेंगदाणे, पेरू आणि संत्री खात. खानसामा उकडलेले बटाटे नेऊन ठेवी आणि लगेच आत जाई. मी संध्याकाळी त्यांना तिथे सोडून माझ्या खानावळीत जात असे. तिथे मीही एकटाच जेवत असे, पण मला कोणी काही विचारत नसे.

गिरडला आम्ही सर्व्हिस मोटारीने गेलो. टेकडीवरच्या दर्ग्याभोवती सुपारीएवढे, नारळाएवढे गोल दगड सापडतात. नारळाच्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचे दगड झाले, अशी कथा आहे. बाईंनी एक दगड उचलून पाहिला आणि जागेवर ठेवला. मुजावरांनी मलिदा पुढे केला. त्यात तूप आहे का, असे मला विचारावे लागले. त्यांनी मलिदा मागे घेतला, खोबऱ्याचा तुकडा तोडून बाईंच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "खा लो बाई, ये अभी पत्थर नहीं हुआ." बाईंनी तो पायऱ्यांवर उभ्यानेच खाल्ला. आमच्यामागे दर्शनाला लोक थांबले होते, म्हणून आम्ही उतरलो.

जाण्याच्या आदल्या दिवशी बाईंना कापसाचे जिन पाहायचे होते. आम्ही पॅसेंजरने सिंदीला गेलो. हंगाम ऐन भरात होता. स्टेशनाबाहेर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागली होती. जिन पाहून निघताना तिथले एक शाळामास्तर भेटले. माझी त्यांची ओळख होती. मागच्या दसऱ्याला ते घरच्या सगळ्यांसह नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. चहाला घरी चला, असे ते म्हणाले. बाई दूध घेत नाहीत हे मी तेव्हाच सांगायला हवे होते की नाही, याचा विचार करण्याआधीच बाई हो म्हणाल्या होत्या.

घर वस्तीच्या टोकाला होते. समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची. दुसरीवर महिन्याभरापूर्वीचा हार सुकलेला होता. मास्तरांची आई आणि पत्नी आत चुलीजवळ होत्या. पत्नीला दिवस गेलेले होते. बाईंना खुर्ची दिली, मला पेटीवर बसवले. दारात शेजारचे सात-आठ जण उभे राहिले. मास्तरांची आई तांब्या घेऊन मागच्या दाराने गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. मग चहा उकळल्याचा वास आला आणि दोन कप बशा आमच्यासमोर आल्या. चहा दाट होता.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मास्तरांना सांगितले की बाई दूध घेत नाहीत.

मग दारातला एक जण हसला. "पाह्यलं? इंग्रजाच्या बाईलेही आपला चहा नाई चालत."

मास्तर माझ्याकडे वळले. ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत. "आमच्याकडे चहा नको म्हणायला लोकांनी पुष्कळ कारणं दिली आहेत. कुणाचा उपास असतो, कुणाचं पोट बिघडलेलं असतं, कुणी आत्ताच घेऊन आलेला असतो. हे कारण नवीन आहे."

मी त्यांचे बोलणे बाईंना शब्दशः सांगितले. कारण कशाचे, तेही सांगावे लागले. आमच्याकडे कुणाच्या घरचा चहा घेणे न घेणे याचा अर्थ काय होतो, आणि या घरात तो काय होत आला आहे. वकिलांकडे आणि गोशाळेत बाईंनी नको म्हटले तेव्हा लोकांना त्या विक्षिप्त वाटल्या होत्या. इथे ते नको कोणाला विक्षिप्तपणाचे वाटले नव्हते.

पाण्याला मराठीत काय म्हणतात, असे त्यांनी मला विचारले. मी सांगितले. त्यांनी मास्तरांच्या आईकडे वळून तो एक शब्द म्हटला.

आईने माठातून तांब्या भरून आणला. बाई खुर्चीवरून उठल्या, तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या राहून पाणी पिऊ लागल्या. थोडे अंगावर सांडले. तांब्या रिकामा करून त्यांनी तो आईच्या हातात परत दिला.

"पाणी तं पेली," दारातून कोणीतरी म्हणाले.

मी मास्तरांना बाईंचे सगळे सांगितले. डाक बंगल्यातले संत्रे, वकिलांची बासुंदी, काशी. काशीवर मास्तर हसले नाहीत, पण बसले. आई अजून तांब्या घेऊन उभी होती. तिने सगळे ऐकले आणि मुलाला बाजूला सारून मला म्हणाली, "हे आधी काऊन नाई सांगितलं गा? आमी रोज कोराच चहा पेतो. दूध तं तुमच्या नावानं मांगून आणलं."

तिने बाईंसमोरचा कप उचलून सुनेला दिला. माझा मी प्यालो. मग गुळाचा कोरा चहा झाला आणि तो सगळ्यांना मिळाला, दारातल्यांनाही. जेवणाची वेळ होत आली होती. मास्तरांनी विचारले आणि बाईंनी खुर्ची सोडून खाली बसकण मारली. ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि जवसाची चटणी होती. भाजी जवसाच्या तेलातली होती. बाईंनी एकदाही काही विचारायला सांगितले नाही. घरात विचारण्यासारखे काही नव्हतेच. मास्तर, बाई आणि मी एका ओळीत बसलो. आई वाढत होती. चटणी बाईंना तिखट लागली, डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा दारातली माणसे हसली आणि कोणीतरी गुळाचा खडा आणून दिला. त्यांनी दुसरी भाकर मागून घेतली.

वाढता वाढता आईने विचारले, "त्याईच्या गावाले दूध मियत नाई काय?"

पुष्कळ मिळते, असे बाईंनी सांगितले. दारात रोज आणून ठेवतात.

"मंग सोडलं काऊन?"

बाईंनी वासरांचे तेच सांगितले, मी ते मराठीत केले. वकिलांच्या आईसारखे ही काही उलट बोलली नाही. तिने भाकरीवर चटणी वाढली. "आमच्यावर सोडाची पाळीच नाई आली," ती म्हणाली.

मी हेही सांगितले. बाईंनी मान हलवली आणि ताटातली भाकर संपवली.

निघताना आई दारापर्यंत आली. "येजो बाई," ती म्हणाली. बाईंनी अर्थ विचारला, पुन्हा ये असा मी सांगितला. स्टेशनाच्या वाटेवर त्यांनी आणखी एकच गोष्ट विचारली. जे प्यालो त्या चहाला काय म्हणतात. कोरा चहा, मी म्हणालो. त्यांनी ते दोन शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिले. पॅसेंजरमध्ये त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. मी त्यांना विचारले की आजचे जेवण तुम्हाला हवे होते तसे झाले का. त्या म्हणाल्या की सगळ्यांनी एकच खाल्ले हे खरे आहे. मग म्हणाल्या, पण खाण्याचे कारण सगळ्यांचे एक नव्हते.

मी पाठवलेल्या बातमीतल्या सहा ओळी छापून आल्या. बाईंनी गोशाळा, गिरड आणि सिंदीचे जिन पाहिले आणि कापसाच्या व्यापाराविषयी जिज्ञासेने माहिती घेतली, असे त्यात होते. चहाचा मजकूर जागेअभावी गळला.

सिंदीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना वर्धा स्टेशनवर पोचवायला गेलो. भुसावळकडची गाडी उशिरा आली. फलाटावर चहावाला किटली घेऊन फिरत होता. बाईंनी त्याला थांबवून मराठीत कोरा चहा मागितला. त्याने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि किटलीचे झाकण उघडून दाखवले. दूध आधीच घातलेले होते. बाईंनी त्याला धन्यवाद दिले आणि डब्यात चढल्या. जनाना डबा होता. गाडी सुटेपर्यंत त्यात दुसरे कोणी चढले नाही.