कोपरे दाबून लावलेली पट्टी

विलासभाऊ गेल्याचं सिस्टरनं मला जिन्यात सांगितलं. "मावशी, तुमचे कॉम्प्युटरवाले भाऊ गेले जी. लोहाऱ्याले, कामावरच... छातीत कळ आली म्हणते." पायऱ्या अर्ध्या पुसायच्या राहिल्या होत्या, त्या मी पुसून घेतल्या. मग मोरीत जाऊन नळ सोडला, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला आता महिना होत आला.

ते मूळचे उमरखेडचे. आमच्या दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर त्यांच्याकडे होते. मी तिथं झाडू-पोछा करते. माझ्याशी कामापलीकडे कोणी बोलत नसे आणि मलाही बोलायला जमत नाही. एक दिवस त्यांनी विचारलं, "मावशी, वाचता येते का तुमाले?" मी म्हटलं, चौथी झाली. "मंग झालं! तुमच्याएवढं टेबलाखाली दुसरं कोण वाकते?" टेबलाखाली, कॅलेंडरमागे पासवर्डच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. त्या काढून त्यांना द्यायच्या, हे माझं काम झालं. सिस्टर हसायच्या, "आली पाहा सीआयडी!" फवारणीच्या दिवसांत, कपाशीवरचं विष अंगात भिनलेली माणसं रांगेनं येत होती, तेव्हा एक सिस्टर विलासभाऊंवर ओरडली, "इकडं माणूस ओकून राह्यला अन् मी तुमचा पासवर्ड आठवत बसू?" ते म्हणाले, "तुमचंबी बरोबर हाय." आणि दुपारी तिच्याजवळ बसून त्यांनी तिच्या माहेरच्या दोन बैलांची नावं जोडून नवा पासवर्ड करून दिला. तो ती कधी विसरली नाही.

ऑफिसात ते सांगून थकले, की मशिनी जुन्या झाल्या, चोर शिरेल अशी भोकं पडली आहेत त्यांत. तिथले साहेब म्हणत, "चालून राह्यलं ना? मंग कायले हात लावता?" शेवटी, जिथं पेनड्राइव्ह खुपसतात तिथं त्यांनी ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी लावली. मला म्हणाले, "जखमच हाय ही, मावशी. रोज सकाळी पाहात जा. निघालेली दिसली की पहिले मले सांगा."

एका सकाळी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले तर पट्टी चुरगळून खाली पडलेली, आणि पडद्यावर त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो. डॉक्टर हसून म्हणाले, "विलासला नका सांगू मावशी, उगाच रागावतो तो." ते राउंडला गेल्यावर मी नवी पट्टी आणून लावली. नीट, कोपरे दाबून. सांगितलं कोणालाच नाही. मला वाटलं, झाकलं म्हणजे झालं.

दोन दिवसांनी सगळ्या पडद्यांवर लाल अक्षरं आली. एकही फाइल उघडेना. कोणाला कोणतं इंजेक्शन कितीदा दिलं, वॉर्डात कळेना. नातेवाइकांचे आवाज चढले. विलासभाऊंनी सगळ्याची नक्कल मशिनीला जोडायच्या एका वेगळ्या डब्यात काढून ठेवली होती, म्हणून तिसऱ्या दिवशी बरंचसं परत मिळालं. तरी चौकशी बसली. पट्ट्या तपासल्या, सगळ्या जागच्या जागी. मोठे डॉक्टरच म्हणाले, "मग व्हायरस आत आला कुठून? डबा फक्त तुझाच लागतो ना मशिनींना, विलास?" मी दाराशी बादली घेऊन उभी होते. विलासभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं... रागानं नाही, विचारल्यासारखं. मी खाली पाहिलं.

त्यांना काढून टाकलं. मग ते लोहाऱ्याला एका कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला बसू लागले. एकदा बसस्टँडवर भेटले. "चिठ्ठ्या गोळा करता ना अजून, मावशी?" मी हो म्हटलं. तेव्हाही सांगता आलं असतं. त्यांची बस लागली, ते गेले.

दवाखान्यात शोकसभा झाली. मोठे डॉक्टर म्हणाले, "आपल्या घरचा माणूस होता." मग चहा झाला. कप मी उचलले.

नवा माणूस पट्ट्या लावत नाही. मी लावते, रोज, पुसून झाल्यावर. परवा मोठे डॉक्टर पेनड्राइव्ह हातात घेऊन थांबले. "मावशी, हे कोण लावतं?"

"विलासभाऊ," मी म्हटलं.

"तो तर गेला."

"हो."

 डॉक्टरांनी नखानं पट्टी सोलून खाली टाकली. 'त्या दिवशीही तुम्हीच काढली होती,' हे वाक्य माझ्या तोंडात होतं... मी वाकले आणि पट्टी उचलली.