क्षमा कर, पण गप्प बस

मित्रमैत्रिणींनो, डोकं अजून शांत झालेलं नाही, तरी लिहितेय.

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात ख्रिस्ती दोघेच. मी आणि माझे मॅनेजर विजयदादा. आम्ही एकाच चर्चला जातो, ही नोकरीही मला त्यांनीच सुचवली. डबा उघडण्याआधी आम्ही कँटीनमध्ये सगळ्यांसमोर प्रार्थना करतो. कुणी विचारलं तर विश्वासाबद्दल मोकळेपणाने बोलतो. मला त्यांचा फार आधार वाटायचा.

आज क्लायंटच्या कॉलवर चुकीच्या रिपोर्टचा विषय निघाला. तो रिपोर्ट दादांनीच बनवून पाठवला होता, मी तो पाहिलाही नव्हता. पण सगळ्या टीमसमोर ते शांतपणे म्हणाले, "ती चूक सुनीताची आहे. मी तिच्याशी बोलतो."

माझंच नाव ऐकूनही, क्लायंटसमोर वाद नको म्हणून मी कॉल संपेपर्यंत थांबले.

नंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सॉरी गं, माझं प्रमोशन अडकलं असतं. प्रभूने आपल्याला क्षमा करायला शिकवलंय ना?"

मी म्हटलं, "क्षमा करीन दादा. पण आधी बाहेर येऊन खरं सांगा."

ते खुर्चीतून उठलेच नाहीत. मग मीच बाहेर येऊन टीमला खरं काय ते सांगितलं. काहींनी विश्वास ठेवला, काही नुसते हसले.

आत्ता घरी पोचले तर त्यांचा मेसेज: "चर्चमध्ये हे कुणाला सांगू नकोस. प्रभूच्या नावाला बट्टा लागेल."

वाचून रडूच आलं. तुम्हीच सांगा, हा बट्टा नेमका कुणी लावला?