बाटलीवरची चिठ्ठी

मांजरा नदीतला तो मासा वेगळ्या जातीचा आहे, असं मी तीस वर्षं सांगत आलो आणि लोक तीस वर्षं हसत आले. आखूड मिशा आणि शेपटीजवळचा काळा ठिपका, एवढाच माझा पुरावा. पुढे नदी आटत गेली आणि तो मासा पुन्हा जाळ्यात आला नाही. उरली मेणानं बंद केलेली एक बाटली, आत तीन मासे. लातूरच्या आमच्या कॉलेजात संग्रहालयाच्या खोलीत क्लासवाल्यांच्या सराव परीक्षा सुरू झाल्या, तेव्हा मी ती घरी आणली.

गेल्या वर्षी माझी जुनी विद्यार्थिनी आली. जुन्या माशांतून डीएनए काढून त्यांच्या जाती ठरवणं हे तिचं काम. बाटलीवरची ‘फॉर्मालिन’ ही चिठ्ठी वाचून तिचा चेहरा पडला. फॉर्मालिनमध्ये मुरलेल्या माशातून डीएनए निघणं फार अवघड, म्हणाली. तरी बाटली तशीच गुंडाळून घेऊन गेली. मी आशा सोडली.

चार महिन्यांनी तिचा फोन आला. डीएनए उत्तम निघाला होता, मासा खरंच वेगळा ठरला होता.

‘‘पण सर, हे फॉर्मालिनमध्ये कधी नव्हतेच. पहिल्यापासून स्पिरिटमध्ये आहेत.’’

डोळ्यांत पाणी आलं, आणि मग आमच्या लॅबमधले चाचा आठवले. भूकंपात फॉर्मालिनचा कॅन फुटला होता. त्याच आठवड्यात कोळ्यानं हे मासे आणून दिले. चाचांना ते भरून ठेवायला सांगून मी किल्लारीकडे मदतीला गेलो. परत आलो तर स्पिरिट कमी. माशांना वापरलं, असं चाचा म्हणाले. मी ती चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. फॉर्मालिन उरलंच नव्हतं आणि चिठ्ठ्या आम्ही जूनमध्येच गठ्ठ्यानं लिहून ठेवायचो, हे रागात मला सुचलं नाही. नमाज न चुकवणाऱ्या माणसाला मी सगळ्या स्टाफसमोर पिणारा ठरवलं.

फोन ठेवला आणि ऑटोनं त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगून हात जोडले.

‘‘मी तर तवाच सांगितलो होतो, सर. पिलो न्हाई, माशाला घातलो.’’

मग त्यांनी आतून बायकोला, सुनांना, नातवंडांना बोलावलं आणि मला म्हणाले, ‘‘आता ह्यांच्यासमोर सांगा.’’

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. चाचांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.