तीन बेल

नव्वदच्या दशकात मी श्रीगोंदा-नगर एसटीवर कंडक्टर होतो. माझा ड्रायव्हर मनानं लाख माणूस, पण बोलघेवडा. बॉनेटपाशी कुणी ओळखीचं बसलं की ह्याची मान मागं वळलीच. चालकाशी बोलू नये, अशी पाटी त्याच्या डोक्यावर होती. तिचा उपयोग शून्य.

रोज येणाऱ्या शाळेतल्या एका बाईंनी एकदा तक्रारवही मागितली. ती कंडक्टरजवळच असते. मी दिली नाही. जोडीदाराच्या पोटावर पाय द्यायचा नाही, तापलेल्या प्रवाशाला गोड बोलून गार करायचं, ही आमच्यातली रीतच. त्याला मी सुधारतो, असा शब्द बाईंना देऊन बसलो. लई शहाणा मी!

एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आम्ही दोघांनी ठरवलं, मान वळली की मी तीन द्यायच्या. पहिल्या आठवड्यात बेलची दोरी ओढून हात दुखला. मग ओढायची वेळ कमी येऊ लागली. एकदा नगरपर्यंत एकदाही ओढावी लागली नाही, तर गड्यानं स्टँडवर चहा पाजला. मलाही वाटलं, जमलं बुवा.

जमलं कसलं डोंबल. प्रवाशांना तो खेळ झाला. तीन बेल वाजल्या की गाडीभर हसू, आणि हा मागं वळून मला हात करायचा.

उसाचा हंगाम होता. भर दुपारी गाडी खच्चून भरलेली, मी मागं अडकलेलो. पुढची बैलगाडी मला दिसलीच नाही, दिसली ती वळलेली मान. मी तीनदा दोरी ओढली. खरं तर मान आपणहून पुढं वळतच होती. बेल ऐकून ती माझ्याकडं वळली. "ऐकली रं, गड्या," तो हसून म्हणाला, आणि गाडी धडकली.

बैलगाडीवाला जागीच गेला. एकच बेल दिली असती तर ड्रायव्हरचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला असता. हे मी चौकशीत बोललो नाही.

साहेबांनी तक्रारवही मागवली. कोरी. आजवर एकही तक्रार नाही, असं त्यांनी लिहून घेतलं, आणि काही महिन्यांनी तो पुन्हा त्याच गाडीवर आला.

त्या दिवशी बाई चढल्या. न मागताच मी वही पुढं केली. त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तिकीट द्या," त्या म्हणाल्या.

बॉनेटपाशी कुणीतरी बसलं होतं. ड्रायव्हरची मान वळली. मी दोरीला हात लावला नाही.