चकचकीत पाकिटातला धूप
व्हॅनिला इसेन्सची बाटली उघडली की मला दोन हजार नऊच्या मे महिन्यातली भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावरची दुपार आठवते. जहाजावर नोकरीला असलेला माझा धाकटा भाऊ सुट्टीवर आला होता. सुरूच्या बनात बसून त्याने परदेशी बंदरातून आणलेलं चकचकीत पाकीट फोडलं, तेव्हा आतल्या वाळक्या पाल्याला असाच गोड वास होता. “हा गांजा नव्हे गो ताई, धूप आहे. तिकडे दुकानात उघड विकतात, कायद्याने चालतो, आणि नशा गांजासारखीच,” म्हणत त्याने तो सिगारेटीत भरून ओढला. थोड्याच वेळात तो ओकला, डोळे थिजले आणि अंगाला झटके यायला लागले. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला रडूही येईना. मी नुसती त्याच्या केसांतली वाळू झटकत राहिले. डॉक्टरांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. “पाल्यावर कसलंतरी रसायन मारलेलं दिसतंय. नाव कुठेच नाही, मी उतारा कशावर देऊ?” दोन दिवसांनी तो शुद्धीवर आला, पण झटके राहिले आणि जहाजावरची नोकरी गेली. परवा पेपरात वाचलं, अशा रसायनांवर आता आपल्याकडेही बंदी आहे. त्याला सांगितलं, तर म्हणाला, “म्हणजे तेव्हा मी गुन्हा केला नव्हता ना?” नाही, म्हटलं, आणि संध्याकाळची गोळी त्याच्या हातावर ठेवली.