कानामागची खपली

सुजाता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी एका परदेशी परिषदेसाठी भाषण तयार करत होतो. समोर तिचीच गोष्ट उघडी होती, फक्त तिच्यात तिचं नाव नव्हतं. चार दिवसांनी शोकसभेत मी म्हणालो, "हरसूलच्या त्या मुलीचं निदान आम्ही दोघांनी मिळून केलं." लोकांनी डोळे पुसले. ते वाक्य खोटं आहे. जिच्यासमोर ते खोडायला हवं होतं ती आता नाही, म्हणून इथे खोडतो आहे.

नाशिकला आम्ही दोघं एमडी करत होतो. तिचे वडील सातपूरच्या कारखान्यात फिटर, बौद्ध वस्तीत दोन खोल्यांचं घर. आमच्या विभागप्रमुखांचं मलेरियातलं नाव मोठं. त्यांची एक पद्धत होती. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावायची, भिंगात दिसणारा काटा जंतूच्या जागी आणून ठेवायचा आणि एकेकाला वाकून बघायला लावायचं. "दिसलं?" "दिसलं, सर." पहिल्याला दिसलं की मागच्या सगळ्यांना दिसायचं. नाही दिसलं असं म्हणायची रीतच नव्हती.

हरसूलकडची एक लहान मुलगी तापाने फणफणलेली दाखल झाली. सर म्हणाले, मलेरिया. काट्याच्या टोकाशी मला रंगाचा एक डाग दिसला, बाकी काही नाही. "दिसलं, सर," मी म्हणालो. माझ्यानंतर सुजाता वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. "मला नाही दिसत, सर. आणि तिच्या अंगावर एक काळी खपली आहे, सिगारेटचा चटका बसावा तशी. गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप असेल, स्क्रब टायफस. त्याचं औषध वेगळं आहे."

सर हसले. "बाई, प्रवेशाला सवलत मिळाली. आता डोळ्यांनाही हवी का?"

सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. मग सरांनी मला विचारलं, "काय रे, तू पाहिलीस ती खपली?" मुलगी शेजारच्याच वॉर्डात होती. मी तिच्याजवळ गेलोही नव्हतो. "साधा चटका आहे, सर. चुलीचा असेल."

मुलगी त्याच आठवड्यात गेली. आम्ही काच पाहिली त्या दिवशी तिचा बाप सूक्ष्मदर्शकाच्या खोलीच्या दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. ती गेल्यावर त्याने मला जिन्यात गाठलं. "डाक्तर, तुमी समद्यांनी डोळा लावून बघितलं. येक बाई सोडून समदे म्हनले दिसलं. मंग माझी पोर मेली कशी?" मी त्याला म्हणालो, "आणायला उशीर केलात." तो मान खाली घालून गेला... माझ्यावर विश्वास ठेवून गेला.

सुजाताने त्या मुलीचं रक्त स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर तपासायला पाठवलं होतं. तिचंच बरोबर निघालं. त्यानंतर सरांनी तिचा प्रबंध दोनदा परत केला. तिसऱ्यांदा तिने दिलाच नाही. सातपूरला वडिलांच्या वस्तीजवळ दवाखाना टाकून बसली. सरांनी परदेशातल्या जागेसाठी माझी शिफारस केली. तिथे मला विचारलं गेलं, उष्ण प्रदेशातल्या आजारांकडे तुम्ही कसे वळलात? मी हरसूलच्या मुलीची गोष्ट सांगितली. सरांना मलेरिया दिसला, आणि खपली मला दिसली, असं सांगितलं. पुढे प्राध्यापकपद, समित्या, जागतिक आरोग्यावरची व्याख्यानं... प्रत्येक ठिकाणी ती मुलगी माझ्या आधी व्यासपीठावर चढली.

निवृत्तीनंतर नाशिकला माझा सत्कार झाला. सुजाता तिसऱ्या रांगेत होती. तिला पाहूनही मी थांबलो नाही. "मी त्या मुलीचा हात वर केला, आणि काखेत काळी खपली!" टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या. नंतर चहाच्या टेबलाशी आली.

"छान बोलतोस रे. फक्त ती काखेत नव्हती. डाव्या कानामागे होती."

"सुजाता, इतक्या वर्षांनी कोणाला आठवतंय ते?"

"मला," ती म्हणाली. "आणि तुला आठवायचा प्रश्नच नाही. तू पाहिलीच नव्हतीस." मग बशीतला वडा उचलून म्हणाली, "गार झालेत. खाऊन घे."

पुढच्या भाषणात मी 'डाव्या कानामागे' असं सांगितलं. तिचं नाव तेव्हाही घेतलं नाही. आमची भेट पुन्हा झाली नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या दवाखान्यात गेलो. आता तिची भाची तिथे बसते. "आत्या तुमच्याबद्दल काही बोलायची नाही," एवढंच तिने सांगितलं. तेवढ्यात कारखान्यातली पाळी संपवून एक कामगार आला, स्टुलावर बसला, "ताप हाय, मॅडम," म्हणाला. कोणी काही सांगायच्या आत त्याने टोपी काढली, मान वळवली आणि बोटाने कान पुढे दुमडून धरला.

"आत्याने लावलेली सवय," भाची म्हणाली. "इथले सगळेच असं करतात." टेबलावरची सुजाताची बॅटरी तिने माझ्यापुढे धरली. "बघता, काका?"

मी वाकलो. कातडी स्वच्छ होती. घामाचा आणि ऑइलचा वास येत होता. मी दुसरा कानही पाहिला.

"दिसतंय काही?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "नाही दिसत."